काळ्यावर पाच, पांढऱ्यावर पाच

१२ फेब्रुवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकली असं समज. उरलेली तीन उधार.

तुझ्या शेजारच्या शिंपीणकाकूंच्या फोनवर काल निरोप दिला, तो पोचलाच आहे. त्यांनी तुझ्या कानाशी ओरडून सांगितलेलं मला इथे फोनमध्येही ऐकू आलं : ‘अहो, ते औषध घेऊ नका म्हणतोय तुमचा भाऊ!’ त्यावर तू खणखणीत ‘का?’ म्हणालीस, तेही आलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि समोर तू ऐकत नाहीस. म्हणून त्या ‘का’साठी हे पत्र.

तुझं मागचं पत्र मला तीन बैठकांत लागलं. मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडली तरी ती याहून मोठं लिहील. कागद महाग झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तर तिसऱ्या बैठकीत, कडेला आडवी लिहिलेली ओळ सापडली. ‘सांध्यांच्या इंजेक्शनची तुझ्या कारखान्याची कुपी मी मुद्दाम मागून घेते. म्हटलं, आपल्या धाकट्याच्या नजरेखालून गेलेली. खिडकीत धरून फिरवली की आत चांदीची चमकी नाचते, फार गोड दिसतं.’

ताई, औषधात चमकी नसते.

बावीस वर्षं मी काय करतो ते तू लोकांना ‘औषधाच्या कारखान्यात असतो’ एवढ्यावर उरकतेस, त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो. सुईतून शरीरात जाणारं औषध काचेत ठेवतात, कारण काच कशातही मिसळत नाही. अण्णांच्या वेदान्तात जे ब्रह्म, ते आमच्याकडे काच : सगळ्यात असते, कशालाच लागत नाही. संस्कृतातल्या तमाम सुभाषितकारांनी तिला रत्नाशेजारी उभी करून तिची अब्रू घेतली. एकानेही औषध भरून बघितलं नाही. रत्नात औषध राहत नाही. असो.

कुप्या भरून, बूच लावून आमच्या अंधाऱ्या खोलीत येतात. मी एक उचलतो, बुडबुडा न येऊ देता मनगटाने एक गिरकी देतो आणि दिव्याखाली धरतो. काळ्या पडद्यासमोर पाच सेकंद : काचेचा कण, पांढरा तंतू असला तर दिसतो. मग पांढऱ्या पडद्यासमोर पाच सेकंद : काळा कण असला तर दिसतो. काही दिसलं की कुपी लाल ट्रेत. दर वीस मिनिटांनी घंटा होते आणि पाच मिनिटं लांब बघायचं, असा नियम आहे. खिडकीतून लांब बघितलं तर समोर गोदामाची भिंत. बावीस वर्षांत मी त्या भिंतीचा सखोल अभ्यास केला आहे.

आता चमकीबद्दल. काही औषधं तिखट असतात. कुपी घडवताना बुडाशी आच जास्त लागली असेल, तर असं औषध काचेला आतून हळूहळू खातं आणि तिचे पापुद्रे सुटतात. केसाहून पातळ. उजेडात फिरवले की चमकतात. पण हे कुपी भरल्यावर महिन्यांनी होतं. त्यामुळे तपासणाऱ्याचा त्यात दोष नसतो. (हे वाक्य मी एकदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, तुला दिसेलच.)

तेव्हा : राहिलेल्या कुप्या फेकू नकोस, वेगळ्या डब्यात ठेव. लेबलावर खाली बॅचचा नंबर असतो, तो काकूंकडून मला कळव. दोन इंजेक्शनं घेऊन झाली म्हणतेस, तर डॉक्टरांना जाऊन तसं सांग. लाजू नकोस, ‘माझा भाऊ भित्रा आहे’ म्हण. ते खरंही आहे.

इकडे बाकी ठीक. आमच्या खोलीत माझ्या उजव्या हाताला घार बसते. हे तिचं कारखान्यातलं नाव. तिच्या नजरेतून धुळीचा कणही परवानगी घेऊन जातो. मला सगळे शास्त्रीबुवा म्हणतात, ज्यात आदर किती नि थट्टा किती हे मी तपासलेलं नाही. नोव्हेंबरात आमची वार्षिक नेत्रपरीक्षा झाली, ती तुला सांगायची राहिली. चष्मेवाल्याने तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचायला सांगितली. वाचली. म्हणाला, ‘आता उजवीकडून डावीकडे.’ तीही एका श्वासात. तो म्हणाला, ‘शास्त्रीबुवा, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत.’ घार टाळ्या वाजवायला लागली. अण्णा असते तर म्हणाले असते, उच्चार बरे होते.

तू पुन्हा विचारलंस म्हणून : यायचं फार मनात आहे, पण सुट्टी मिळत नाही. माणसं कमी, काम जास्त.

जप. आणि ती कुपी खिडकीत धरून नाचवत बसू नकोस.

तुझा
धाकटा


२१ फेब्रुवारी

ताई,

नमस्काराची तीन अंगं अजून बाकीच आहेत, लक्षात आहे.

नंबर मिळाला. काकूंनी तो इतक्या जोरात वाचला की बॅचमधल्या बाकीच्या कुप्यांनाही ऐकू गेला असेल. डॉक्टरांनी तुला तपासून ‘काही नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्या’ म्हटलं, हे ऐकून त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.

ती बॅच चौदा महिन्यांपूर्वीची. नोंदवहीत तपासणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे. अक्षर सुवाच्य, लफ्फेदार, अण्णांच्या वळणाचं.

मी नंबर लॅबला दिला आणि बहिणीची तक्रार आहे म्हणून सांगितलं. प्रत्येक बॅचच्या चाळीस कुप्या आम्ही राखीव म्हणून कपाटात ठेवतो. त्या परवा काढल्या. लॅबवाली हुशार मुलगी आहे. तिने अर्ध्या दिवसात निदान केलं : पापुद्रेच. बुडाशी आच जास्त. भरल्यावर सात-आठ महिन्यांनी सुटायला लागले असणार. आमच्या विभागप्रमुख बाई मुद्दाम मला सांगायला आल्या, ‘शास्त्रीबुवा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही बघितली तेव्हा कुपी स्वच्छच होती. तुमच्या बहिणीमुळे उलट कळलं तरी. सगळी बॅच परत मागवतोय.’

मी मान हलवली. इथेच पत्र संपवता आलं असतं. कालपासून दोनदा संपवून बघितलं.

पुढचं असं. बाईंनी त्या चाळीसही कुप्या आमच्या खोलीत पाठवल्या. पापुद्रे कसे दिसतात ते सगळ्यांनी एकदा नीट बघून ठेवावं, आणि दाखवायचं काम कुणाचं, तर शास्त्रीबुवांचं. ‘तुमच्यापेक्षा चांगलं कोण बघणार!’

मी पहिली कुपी उचलली. गिरकी दिली. काळ्या पडद्यासमोर धरली.

पाणी. स्वच्छ, निवळशंख पाणी. आणि मधोमध एक धूसर डाग, पाटीवर ओलं फडकं फिरवल्यासारखा. तो कुपीत नव्हता. तो हल्ली सगळीकडेच असतो, मी जिथे बघेन तिथे.

शेजारून घार म्हणाली, ‘अगं बाई, कसली चमक आहे! जत्रेतल्या बांगडीसारखी. दिसतंय ना शास्त्रीबुवा?’

मी म्हटलं, ‘हो, दिसतंय.’

मग दुसरी कुपी उचलली. तिसरी. प्रत्येक वेळी घार आधी ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायची आणि मी तिच्यामागून अर्ध्या सेकंदाने मान डोलवायचो. चाळीस कुप्या झाल्या. बाई म्हणाल्या, ‘छान समजावलंत.’

ताई, तुला एक आठवतं का? मी सहा वर्षांचा असेन. अण्णांनी मला पुस्तक देऊन वाचायला बसवलं होतं आणि मी घडाघडा पान म्हणून दाखवत होतो. अण्णा डोळे मिटून डोलत होते. तू दारातून आलीस, एक नजर टाकलीस आणि म्हणालीस, ‘अण्णा, हा वाचत नाहीये, नुसता म्हणतोय. पुस्तक उलटं धरलंय.’ अण्णांनी मला मारलं नाही, पण त्या दिवसापासून पाठ झालेलं सगळं शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत उलटं म्हणायला लावलं. तुला वाटलं शिक्षा. त्यांना वाटलं संस्कार.

चष्मेवाल्याचा तक्ता बावीस वर्षं तोच आहे. आम्ही रांगेत उभे राहतो आणि प्रत्येक जण मोठ्याने वाचतो. एका वर्षी मी चौदावा होतो. म्हणजे तेरा वेळा श्रवण झालं, आणि आपल्या घरात तीन वेळांत अध्याय पाठ व्हायचा. मी मुद्दाम केलं नाही, हे तू तरी खरं मान. एखाद्या वर्षी डोळ्याला अक्षर लागायच्या आधी ते जिभेवर येऊन बसलं, बस. पुढल्या वर्षी डोळ्याने यायचंच सोडलं. वाचतोय की म्हणतोय, हे मला स्वतःलाच कळेना. उलटीकडून वाच म्हणाला, तर त्याला काय ठाऊक, त्याची गाठ कोणाच्या मुलाशी आहे! कुप्यांच्या चाचणीचंही तेच. मुद्दाम खोट असलेल्या कुप्या चांगल्यांत मिसळून आम्हाला देतात, पण त्याही अकरा वर्षं जुन्या. एकीच्या बुडाला खरवड आहे, एकीच्या लेबलाचा कोपरा उचललाय. बोटांनाच त्या ओळखू येतात.

सगळ्यांनी वाहवा केली. पुस्तक उलटं आहे म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. तू नव्हतीस.

उजवा डोळा चार वर्षांपूर्वीच मावळला. डावा दोन वर्षं त्याच्या मागे चालला आहे. मी डॉक्टरकडे गेलो नाही, कारण डॉक्टर सांगेल ते मला माहीत होतं आणि सांगितलं की ते खरं झालं असतं. संशय आला की कुपी लाल ट्रेत टाकायची, असं मी धोरण ठेवलं. माझा ट्रे सगळ्यांत भरलेला असायचा. लोक म्हणायचे, शास्त्रीबुवा कडक. शास्त्रीबुवा चाचपडत होते.

तुझ्या बॅचपुरतं काचेने मला वाचवलं, पापुद्रे नंतरचे. खरंच नंतरचे असतील. पण त्यानंतर मी ज्या बघितल्या, त्यांचं काय? दोन बॅचा अजून गोदामात आहेत. माझ्या त्या भिंतीमागे. येत्या गुरुवारी गाड्या भरायच्या आहेत. आणखी चार बाहेर गेल्या. कुणीतरी कुठेतरी ‘धाकट्याच्या नजरेखालून गेलेली’ म्हणून ती मागून घेत असेल.

आज रविवार. उद्या बाईंना सांगायचं आहे. सांगितलं की त्या खोलीत परत जाता येणार नाही. तुला हसू येईल, पण ती खोली मला सुटवत नाही. तिथे बोलायची बंदी आहे, एकमेकांकडे बघायला वेळ नसतो, तरी दिवसाचे आठ तास उजव्या हाताला कुणीतरी श्वास घेत असतं. घरी आल्यावर मी दोन्ही बाजूंनी मोकळा असतो. संध्याकाळी मोठ्याने काहीबाही म्हणत बसतो, सुलटं, मग उलटं. घरमालकीण समजते की मी धार्मिक आहे.

हे पत्र आधी टाकून येतो. पेटीत पडलं की मला माघार नाही. तू आता दारात उभी आहेस असं धरून चालतो.

धाकटा


११ मार्च

ताई,

तुझं पत्र घारीने वाचून दाखवलं. आधी माफी मागतो, तू खासगी लिहिलं होतंस. पण भिंग लावूनही ती मुंग्यांची रांग मला धरता येईना. हल्ली मी कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या बाकावर जाऊन बसतो, तिथे ती डबा खायच्या सुट्टीत येऊन वाचत होती. ‘चमकी गेली खड्ड्यात. गाढवा, दोन वर्षं तू आला का नाहीस ते आधी सांग’ हे वाक्य आलं तेव्हा थांबली. म्हणाली, ‘हे पुन्हा वाचू का?’ मी म्हटलं, कळलं. तिने तरी पुन्हा वाचलं. ‘गाढवा’वर जरा जास्तच जोर दिला.

क्रमाने सांगतो.

सोमवारी बाईंच्या टेबलापुढे उभा राहिलो. प्रस्तावना म्हणून काचेचे गुणधर्म सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, ‘शास्त्रीबुवा, काय ते सरळ बोला, मला मीटिंग आहे.’ तेव्हा मी डोळे मिटले आणि तक्ता म्हणून दाखवला. वरून खाली, मग खालून वर, शेवटी उजवीकडून डावीकडे. खोलीत तक्ता नव्हता.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, ‘परवाच्या त्या चाळीस कुप्या?’

‘एकीतही काही दिसलं नाही.’

‘मग “दिसतंय” म्हणालात?’

‘घार म्हणाली म्हणून.’

त्यांनी मीटिंग रद्द केली. गोदामातल्या दोन्ही बॅचा अडवल्या, बाहेरच्या चारही परत बोलावल्या. घार आणि आणखी दोघी आता साठ हजार कुप्या एकेक करून पुन्हा बघतायत. काळ्यावर पाच, पांढऱ्यावर पाच. त्यांच्या मानांचे हाल मला माहीत आहेत. पहिले चार दिवस घार माझ्याशी बोलली नाही. ते योग्यच होतं. पाचव्या दिवशी फाटकाशी येऊन म्हणाली, ‘किती निघाल्या ते विचारू नका.’ मी विचारलं नाही. मग ती म्हणाली, ‘तिथे तुमच्या खुर्चीवर मी पिशवी ठेवते. कुणी बसत नाही.’ एवढं बोलून गेली.

मला काय शिक्षा, ते अजून ठरायचं आहे. तोवर घरी बसा म्हणाले. बाईंनी माझा रजेचा कागद काढला आणि त्यांचा चेहरा पडला. ‘एकशे चाळीस दिवस शिल्लक? तुम्ही कधी रजा मागितलीच नाही?’

हो, ताई. सुट्टी कुणी नाकारलीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. तुझ्यासाठी लोकर घेतली होती, करडी, तू सांगितलेली. स्थानकात बसच्या पाटीवरचा आकडा वाचता आला नाही. विचारायची लाज वाटली. एम. ए. संस्कृत, कारखान्यात सर्वांत तीक्ष्ण डोळे, असा माणूस ‘ही बस कुठे जाते हो?’ विचारणार! अंदाजाने चढलो, तिकीट गावाचं नाव न घेता ‘शेवटपर्यंत द्या’ म्हणून काढलं. दीड तासाने कंडक्टरने शेवटचा थांबा म्हणून उतरवलं, ते एक अनोळखी गाव. तिथे बाकावर दुपार काढली, परतीची बस मात्र एकच होती, ती चुकायला जागा नव्हती. घरी आलो आणि तुला ‘सुट्टी मंजूर झाली नाही’ लिहिलं. त्यापुढे ते वाक्यही पाठ झालं. लोकर अजून ट्रंकेत आहे.

काल डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधोमध झिरपतंय. उजव्याचं काही करता येणार नाही. डाव्याचं गेलं ते गेलं, उरलेलं राखता येईल, पण दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. मी म्हटलं, ‘डोळ्याला?’ ते म्हणाले, ‘डोळ्यात.’ सप्तमी विभक्तीचा इतका धसका मी यापूर्वी घेतला नव्हता.

थेंब टाकून डोळा बधिर केला. सिस्टरने ट्रेमधून कुपी उचलली. काचेचा तो बारीकसा ‘टिक्’ मी झोपेतही ओळखेन. मी म्हटलं, ‘सिस्टर, एक मिनिट. बघू ती.’ तिने हातात दिली. मी गिरकी दिली, दिव्याकडे धरली. धूसर डाग. त्याच्या कडेने थोडी काच, थोडा उजेड.

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पलीकडच्या बाजूला होतो. कुठल्या तरी गावात, अंधाऱ्या खोलीत बसून कुणीतरी ही कुपी दहा सेकंद बघितली असेल. तो माणूस वाचत होता की म्हणत होता, हे मला कसं कळणार?

सिस्टरला म्हटलं, ‘माझ्यासाठी एवढं करा. बुडबुडा न येऊ देता फिरवा. तुमच्या त्या काळ्या फाइलसमोर पाच सेकंद धरा, मग भिंतीसमोर पाच.’ ती हसली. ‘आजोबा, आम्ही बघतोच हो.’ (आजोबा! त्रेपन्नाव्या वर्षी. डोळे तिचेही तपासायला हवेत.) पण तिने केलं. मी मनात आकडे मोजले. तिने घाई केली नाही. मग म्हणाली, ‘स्वच्छ आहे.’

मी म्हटलं, ‘द्या.’

दुखलं नाही फारसं. परत येताना रस्त्यात मला एकदम रडू आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यातून पाणी येईल, त्यामुळे ते खपून गेलं.

येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने येतो आहे. घार मला बसमध्ये बसवून देणार आहे. कंडक्टरलाही सांगणार आहे म्हणते, ‘यांना उतरवा, नाहीतर हे पाठ म्हणत पुढे जातील.’ लोकर घेऊन येतो. किती दिवस राहीन ते आत्ता विचारू नकोस. एकशे चाळीसच्या आत.

तू थांब्यावर ये. मी हाक मारली तर तुला ऐकू येणार नाही आणि तू लांबून हात केलास तर मला दिसणार नाही, हे मी जमेस धरलं आहे. म्हणून एक सांगतो, ते नीट कर. बसच्या दारासमोर उभी राहू नकोस. ज्याच्याकडे सरळ बघतो तेच माणूस मला पुसून गेल्यासारखं होतं. जरा बाजूला राहा, डावीकडे, दोन पावलं.

कडेचं मला अजून सगळं दिसतं.

राहिलेली तीन अंगं घेऊन येणारा,

तुझा
धाकटा